पाल्याची चटणी आणि साधी चटणी

८ जानेवारी २०२४, सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. वसाहतीतल्या समाजमंदिराच्या ओट्यावर मी मोजपट्टी, रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, रक्त घ्यायच्या नळ्या आणि तीस कोरे फॉर्म मांडून बसले होते. समोर तीस बायका रांगेत होत्या. सगळ्या बिड्या वळणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या आणि आदल्या रात्री आठनंतर काहीही न खाल्लेल्या. निदान तसे त्यांनी मला सांगितले होते. मी पहिलीला पुढे बोलावणार, एवढ्यात रांगेच्या शेवटी एकतिसावी बाई येऊन उभी राहिली. ती माझी आई होती.

"अम्मा, तू यात नाहीस," मी म्हणाले.

"का? माझी कंबर काय कमी हाय का?"

"कमी कुठली, जास्तच हाय," आमच्या समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या. "मोजपट्टी पुरायची न्हाई म्हणून नको म्हणती पोरगी."

ओटाभर हशा पिकला. अम्माही हसली, पण ती रांगेतून हलली नाही. शेवटी मी उठून तिच्यापाशी गेले आणि हळू आवाजात सांगितले, की संशोधकाच्या घरचे माणूस घ्यायचे नाही असा नियम आहे. घेतले तर विद्यापीठाची नैतिकता समिती माझे सगळे काम नाकारेल. तिने तो नियम पुरता ऐकून घेतला.

"म्हणजे गल्लीला औषध, आणि आईला नियम," ती म्हणाली आणि घरी जाऊन बिड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसली.

तिचे चुकत नव्हते. ज्या रोगाच्या मागे मी एमएस्सीपासून पाच वर्षे लागले होते, तो मी पुस्तकातून निवडला नव्हता. चयापचय बिघडल्याच्या पाच खुणा मानतात: वाढलेली कंबर, वाढलेला रक्तदाब, उपाशीपोटी वाढलेली साखर, रक्तातली वाढलेली ट्रायग्लिसराइड आणि घटलेले चांगले कोलेस्टेरॉल. पाचांपैकी तीन असल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. अम्माला पाचही होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ती दिवसाचे आठ-दहा तास मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन पाने कापत आणि बिड्या वळत आली आहे. त्या बैठकीत फक्त बोटे हलतात. आमच्या घरात तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात येतात, पण या दुखण्याला दोन्ही भाषांत शब्द नव्हता. "अंग जड झालंय," एवढेच म्हणत.

त्याआधीच्या दिवाळीनंतर तिच्या लघवीच्या तपासणीत पहिल्यांदा प्रथिन आढळले. एक प्लस. डॉक्टरांनी अहवाल माझ्याकडे वळवला, कारण प्रश्न मी विचारत होते. "किडनीवर परिणाम सुरू झालाय. आत्ता साखर, रक्तदाब आणि वजन खाली आणलं तर इथेच थांबू शकतं. नाही आणलं तर थांबत नाही." मी विचारले, किती वेळ आहे. ते म्हणाले, वर्ष धरून चाला.

घरी येऊन ते वर्ष मी वडिलांना समजावून सांगितले. ते पॉवरलूमवर असतात. मागांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे आमच्या घरात कुणाचाही आकडा गुप्त राहत नाही. मी ओरडून "एक प्लस" म्हणाले आणि समोरच्या काकूंनी दारातून विचारले, "प्लस म्हणजे चांगलंच की?"

मी त्या वेळी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात होते आणि माझ्यापाशी एक उत्तर आहे असे मला वाटत होते. तसे वाटण्याला आधार होता. वनस्पती उन्हापासून, किडीपासून स्वतःला वाचवण्यासाठी जी रसायने बनवतात, त्यांतला एक मोठा वर्ग म्हणजे फ्लेव्होनॉइड. कांद्यात, चहात, डाळिंबात, ज्वारीच्या दाण्यावरच्या रंगात ती असतात. शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिन नावाचे फ्लेव्होनॉइड भरपूर असते, आणि शेवगा आमच्या वसाहतीत दर तिसऱ्या घरापुढे आहे. त्याला कुणी पाणी घालत नाही. मी त्या पाल्याचा अर्क काढला होता आणि फळसाखर पाजून लठ्ठ केलेल्या उंदरांना तो आठ आठवडे दिला होता. उंदरांची ट्रायग्लिसराइड उतरली. साखर उतरली. यकृतावर साचलेली चरबी कमी झाली, ती मी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिली. मला ती दुपार आठवते. मी हातमोजे काढले, प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसले आणि माझ्या मनात उंदीर नव्हतेच.

पुढची पायरी माणसे. अर्क माणसांना द्यायला समितीने परवानगी दिली नाही, आणि ते योग्यच होते. रोजच्या अन्नातून पाल्याची भुकटी दिली तर चालेल, असे ठरले. अन्नातून म्हणजे कशातून, हे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझ्यावर सोपवले. त्या पुण्याच्या. मी क्षणभरही विचार न करता म्हणाले, चटणीतून. शेंगांची, म्हणजे शेंगदाण्याची, चटणी आमच्याकडे दोन्ही वेळच्या ताटात असते. ती खायची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. गोळी विसरते, चटणी विसरत नाही. हे वाक्य मी माझ्या प्रस्तावात जरा शास्त्रीय करून लिहिले आणि समितीतल्या एका सदस्यांनी त्याखाली कौतुकाने रेघ मारली.

आराखडा साधा होता. पंधरा जणींना शेवग्याच्या पाल्याची भुकटी घातलेली चटणी, पंधरा जणींना साधी. दोन्ही चटण्या दिसायला सारख्या. कुणाला कोणती मिळाली हे त्यांना कळता कामा नये. बारा आठवडे, रोज चार चमचे. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजमाप. पाल्याच्या गटाची कंबर, साखर, चरबी साध्या गटापेक्षा खाली आली, तर पाला काम करतो. आणि पाला काम करत असेल, तर कुणाच्याही परवानगीशिवाय मी तो माझ्या आईला देऊ शकेन. हा शेवटचा भाग प्रस्तावात नव्हता.

पाला मी सावलीत, घरातल्याच जुन्या चादरींवर वाळवला. दाणे भाजले, लाल तिखट एवढे घातले की हिरवा रंग त्यात बुडून जावा. मीठ मात्र मोजून कमी घातले, कारण निम्म्या बायकांना रक्तदाब होता. निळ्या झाकणाच्या बरण्या पाल्याच्या, पांढऱ्या झाकणाच्या साध्या. झाकणांचा अर्थ फक्त मला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर उभी असताना मागच्या गल्लीतल्या खाला माझ्याशेजारी घागर ठेवत म्हणाल्या, "बेटा, इसमें शेवगे का पाला डाली ना तू?"

मी माझी घागर नळाखाली सरकवली.

"मेरेकू चलता. पन नमक नई उसमें."

"आणि शेंगा मिक्सरला फिरवल्यात," समोरच्या काकू म्हणाल्या. त्यांना साधी मिळाली होती. "कुटल्या न्हाईत. तेल सुटलं न्हाई. आजाऱ्याचं जेवण वाटतंय. ते जाऊ दे. आमच्यात पाला का न्हाई गं?"

ज्यांनी चाळीस वर्षे चटणी केली त्यांच्यापासून मी चटणीतला घटक लपवायला निघाले होते. पुढे प्रबंधात मी लिहिले, की सहभागींना गटाची ओळख पटल्याची शक्यता नाकारता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात बरण्या परत मोजल्या तेव्हा निम्म्या भरलेल्याच होत्या. चटणी खाल्लीच गेली नाही तर प्रयोग तिथेच संपतो. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, चव सुधारा, पण नोंद ठेवा. म्हणून मी शेंगा उखळात कुटल्या, लसूण वाढवला आणि मीठ दुपटीच्या वर नेले. एका चमच्यामागे किती, ते ग्रॅममध्ये नोंदवले. माझ्या वहीत ती नोंद अजून आहे, नीटनेटक्या अक्षरात. त्याच दिवसापासून बरण्या रिकाम्या येऊ लागल्या. मधे संक्रांत आली, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत बरण्यांची दोन मोजमापे चुकली, पण चटणी मात्र एकाही घरात उरत नव्हती. मी खूश होते. सूचनांच्या इतक्या चांगल्या पालनाचे आकडे आमच्या विभागात कुणाचे नव्हते.

आठव्या आठवड्यातल्या एका दुपारी प्रयोगशाळेची वीज गेली आणि मी नेहमीपेक्षा चार तास आधी घरी आले. अम्मा दारातल्या उजेडात बसून पाने कापत होती. वडील पहिली पाळी करून आले होते आणि जेवून आडवे झाले होते. मी पाणी प्यायला आत गेले. ओट्यावर भिंतीला लागून सहा स्टीलच्या वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर दुसऱ्याच घराचे नाव कोरलेले होते. प्रत्येकीत चटणी होती.

मी एक वाटी उचलून वास घेतला. पाला. दुसरीत साधी. तिसरीत पाला.

"अम्मा, हे काय आहे?"

"वाट्या."

"वाट्यांत काय आहे?"

"चटणी. तुझीच की. एवढं शिकून ओळखू येईना का?"

"ही तुझ्याकडे कशी आली?"

तिने कात्री खाली ठेवली. "खालाला अंबाडीची भाजी दिली वाटीभर. वाटी परत आली. वाटी कुणी रिकामी परत करतंय का? तिच्याकडं काय होतं, चटणी होती, तिनं चटणी घातली."

"किती वेळा?"

"काय किती वेळा? ताक दिलं, भाजी दिली, भोगीच्या दिवशी भाकरी दिली. येती वाटी, जाती वाटी."

"पण यातली साधीही आहे. काकूंची वाटी इथे आहे."

"ती का असणार न्हाई? तिला मी पाल्याची दिली, तिनं मला साधी दिली."

"तू काकूंना पाल्याची दिलीस?"

"सगळ्यांना दिली. जिला जिला साधी आली, तिला तिला." आता तिचा आवाज चढला होता. "गल्लीत काय बोलतात ठाव हाय का तुला? शिकलेली पोरगी माणसं बघून देती म्हणतात. हिला औषध, तिला नुसत्या शेंगा. नळावर माझ्या तोंडावर बोलली एक. तुझं नाव खराब व्हायला लागलं, म्हणून मी सारखं केलं सगळं."

वडील उठून बसले. "काय म्हणती?"

"चटणी!" अम्मा ओरडली.

"हाय का अजून?" वडिलांनी विचारले.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मला रागावता येत नव्हते, कारण तिने जे केले ते या गल्लीत कुणाच्याही आईने केले असते. आणि गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केली होती, त्यात कुणाचीही बाजू घेतलेली नव्हती, हे मी त्या बायकांना नीट समजावून दिले नव्हते. सही घेण्याआधी मी एक परिच्छेद वाचून दाखवला होता. त्या परिच्छेदात 'यादृच्छिक' असा शब्द होता.

त्या संध्याकाळी मी एक मोठा कागद घेतला आणि अम्माला समोर बसवून कोणत्या घरातली वाटी कोणत्या घरी गेली ते विचारत बाण काढत गेले. तिला सगळे आठवत होते. कुठल्या दिवशी, कुठल्या भाजीसोबत, वाटी शिगोशिग होती की अर्धी. माझ्या फॉर्मवर एवढी अचूक माहिती एकाही बाईने दिलेली नव्हती. पाऊण तासात तीस घरांच्या मधली जागा बाणांनी एवढी भरली की नवा बाण काढायला मोकळी जागा राहिली नाही. चार घरे सोडली तर बाकी सगळ्यांनी दोन्ही चटण्या खाल्ल्या होत्या. आणि सगळ्यात जास्त बाण जिथे येऊन मिळत होते ते घर माझ्या यादीतच नव्हते.

"तू रोज किती खातेस?" मी विचारले.

"दोन्ही वेळेला. तू औषध करतीस, मी खायची न्हाई?"

मी तिला म्हणाले, अम्मा, ते औषध आहे की नाही हेच तर मला शोधायचे होते. ती हसली. तिला तो विनय वाटला.

मॅडमनी तो कागद बराच वेळ पाहिला. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपे गेले असते. "दोन गट नव्हतेच तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "बारा आठवडे पूर्ण कर. आहे ते मांड."

मी पूर्ण केले. शेवटच्या तीन आठवड्यांत रमजान आला. खाला आणि आणखी चार जणी पहाटे सहेरीला जेवत, म्हणजे उपाशीपोटी साखर मोजता येईना, आणि माझ्या आराखड्यात रमजान नव्हता. १ एप्रिलला शेवटचे मोजमाप झाले. साखरेत फरक नाही. ट्रायग्लिसराइडमध्ये फरक नाही. कंबर दोन्ही गटांत वाढली होती, थोडी, पण जवळजवळ प्रत्येकीची. मी ते आकडे तीनदा तपासले. मग खालांना विचारले.

"चटणी अच्छी हो गई ना बाद में," खाला म्हणाल्या. "आदी भाकर जास्ती जाती थी."

अर्धी भाकरी. रोज दोन वेळा, तीस घरांत, दहा आठवडे. चटणी असतेच भाकरी जाण्यासाठी, हे सोलापुरात मला कुणी सांगायची गरज नव्हती. पाल्याने काही केले असेलच, तर ते त्या अर्ध्या भाकरीखाली दबून गेले. आणि पाल्याने फार काही केलेही नसणार. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहिताना मी जे गणित आधी करायला हवे होते ते नीट केले. माझ्या उंदरांना मिळालेली मात्रा अम्माच्या वजनाला लावली, तर तिला रोज सव्वा ग्रॅमच्या आसपास शुद्ध अर्क घ्यावा लागला असता. चार चमचे चटणीतल्या भुकटीत त्याचा अगदी किरकोळ अंश होता. त्यातलाही बराचसा आतड्यातून शोषला जात नाही. जो शोषला जातो त्याचे रूप यकृत लगेच बदलते आणि काही तासांत तो शरीराबाहेर जातो. परीक्षानळीत पेशींवर जो परिणाम दिसतो तो ज्या मात्रेला दिसतो, ती मात्रा माणसाच्या रक्तात कुणी जेवून आणू शकत नाही. हे सगळे मी पहिल्या वर्षी वाचले होते. वाचून मी ते 'आव्हाने' या मथळ्याखाली टाकले होते.

या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक शोधनिबंध 'संभाव्य' या शब्दाने सुरू होतो आणि अधिक संशोधनाची आवश्यकता आहे या वाक्याने संपतो. मी शेकडो वाचले. वाचताना मला तो शब्द दार किलकिले ठेवल्यासारखा वाटायचा. आता मीही तो लिहिला. तो लिहिल्याशिवाय निबंध कुणी छापत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अम्माला तपासणीला नेले. रक्तदाब एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव. लघवीतले प्रथिन दोन प्लस.

"गोळ्या वेळेवर घेतात?" डॉक्टरांनी विचारले.

घेत होती. मी रोज पट्टीतल्या गोळ्या मोजत होते.

"जेवणात मीठ? लोणचं, पापड, चटणी?"

अम्मा माझ्याकडे पाहून अभिमानाने म्हणाली, "चटणी हिनंच केलेली हाय, डॉक्टर. कॉलेजातली हाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिले: चटणी बंद.

बाहेर बाकावर बसून मी मोबाइलमध्ये माझ्या मिठाच्या नोंदीचा फोटो शोधला. दुसऱ्या आठवड्यात वाढवलेले मीठ, गुणिले चमचे, गुणिले दोन्ही वेळा. यादीतल्या बायकांना चार चमच्यांची मर्यादा होती. अम्माला नव्हती, कारण ती यादीत नव्हती. माझा प्रत्येक नियम माझ्या आईला बाहेर ठेवून लिहिलेला होता. एका माणसावरून कारण सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तिची किडनी चटणीशिवायही बिघडली असती. डॉक्टरांनी नंतर तसे सांगितलेही. मी ते मान्य केले. मान्य करून काही हलके झाले नाही.

पुढचे महिने वेगळे असे काही नव्हते. मी भाकऱ्या मोजल्या, मीठ कुलपात ठेवावे तसे डब्यात वर ठेवले, संध्याकाळी तिला चालायला नेले. ती चालायची, पण हजार बिड्या भरायच्या राहिल्या की मधूनच परत फिरायची. ब्रांचवर, म्हणजे कारखान्याच्या केंद्रावर, बिड्या सकाळी द्याव्या लागतात. कमी पडल्या तर पुढच्या आठवड्याची पाने कमी मिळतात. "चालून काय बिडी वळती का?" ती म्हणायची. वडिलांनी पाने कापून द्यायला सुरुवात केली. त्यांची पाने वाकडी यायची आणि ती पुन्हा कापायची, म्हणजे बसण्याचा वेळ वाढलाच. जुलैत तिच्या घोट्यांवर सूज आली. बोट दाबले की खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. मी तो वेळ मोजू लागले आणि मग मोजायचे थांबवले. अहवालात तीन प्लस आले.

ऑगस्टमध्ये मी प्रबंध सादर केला. घरी येऊन सांगितले तेव्हा अम्माने हातातले सूप बाजूला ठेवले.

"मग पाल्याचं काय निघालं?"

"काही निघालं नाही."

"काहीच?"

"सिद्ध झालं नाही, अम्मा. झालं असतं तरी एवढ्या पाल्याने काही झालं नसतं."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "माझ्यामुळं?"

मी नाही म्हणाले. हे उत्तर अर्धेच खरे होते आणि तिला ते कळले. "मला नळावर ऐकवेना गं, बिड्डा," ती म्हणाली. "लेकराला कुणी बोललेलं ऐकवेना." बिड्डा, म्हणजे तेलुगूत लेकरू, ती मला लहानपणी म्हणायची, मोठी झाल्यावर फक्त मी आजारी असले की. त्या दिवशी मी आजारी नव्हते.

मी तिला म्हणायला हवे होते, की चूक माझ्या आराखड्याची आहे, जी गल्ली मला जन्मापासून ठाऊक आहे ती मी त्यात घेतली नाही. ते मी म्हणाले नाही. तिच्या पायांकडे पाहत होते.

सप्टेंबरमध्ये किडनीच्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवून तपासायला सांगितली. प्लसच्या खुणांवरून अंदाज येतो. किती प्रथिन वाहून जाते हे ग्रॅममध्ये कळायला हीच तपासणी लागते. निरोगी माणसाचे दिवसाला दीडशे मिलिग्रॅमपेक्षा कमी जाते. ते म्हणाले, साडेतीन ग्रॅमच्या पुढे गेले तर गोळ्यांनी फार काळ रोखता येणार नाही. मग डायलिसिसची तयारी, आधी की नंतर एवढाच प्रश्न.

मी पाच लिटरचा कॅन उकळत्या पाण्याने धुऊन आणला आणि त्यावर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली: सकाळी सातपासून दुसऱ्या सकाळी सातपर्यंत.

"आयुष्यभर हजार-हजार मोजून दिले," अम्मा म्हणाली. "आता हे बी मोजून देऊ?"

"दे," मी म्हणाले.

"छाट काढून देऊ, का तसंच?"

छाट म्हणजे ब्रांचवरचा तपासनीस खराब म्हणून बाजूला काढतो त्या बिड्या. मी हसले. ती हसली. वडिलांनी काय झाले विचारले आणि तिने ते ओरडून सांगितले, त्यामुळे समोरच्या काकूही हसल्या. दिवसभर ती एकदाही न विसरता कॅनपाशी गेली. तीसमधल्या कुठल्याही बाईने माझ्या सूचना इतक्या काटेकोरपणे पाळल्या नव्हत्या. संध्याकाळी तिने मला विचारले, या वेळी तरी नियमात बसते ना मी.

कॅन मी दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पोचवला. अहवाल तिसऱ्या दिवशी मोबाइलवर आला तेव्हा मी विभागात एका कनिष्ठ विद्यार्थिनीला कंबर कुठे मोजायची ते दाखवत होते: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर. तिचे मोजून झाल्यावर मी खुर्चीत बसून अहवाल उघडला. संध्याकाळी घरी आले, अम्माच्या तपासण्यांची वही काढली आणि तारखेपुढे त्या दिवसाचा एकच आकडा लिहिला. ती दारात बसली होती. तिने किती आले विचारले, आणि मी पहिल्यांदाच एखादा आकडा वडिलांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू सांगितला.

चोवीस तासांतील प्रथिन: ४.३ ग्रॅम.